यथामूल : लिनक्सवरील डिजिटल ध्वनीच्या वाटेचा इतिहास

२००९ सालच्या पावसाळ्यातील एका संध्याकाळी आम्ही काही मित्र एका जुन्या संगणकापुढे बसलो होतो. संगणकावर लिनक्स होते, एका काळ्या ऑप्टिकल केबलने तो अँप्लिफायरला जोडलेला होता आणि पाच लहान व एक मोठा असे सहा स्पीकर खोलीभर मांडलेले होते. गाणी उत्तम वाजत होती. चित्रपट लावला की मात्र पडद्यावर ओठ हलत आणि खोलीत संपूर्ण शांतता. केबल बदलली, डिस्क बदलली, अँप्लिफायर बंद करून पुन्हा चालू केला. अखेर रात्री उशिरा कोणीतरी सहज म्हणून पडद्यावरील आवाजाची पट्टी ऐंशीवरून शंभरावर नेली आणि त्याच क्षणी सहाही स्पीकर बोलू लागले. आवाज थोडा कमी ठेवल्याने तो थोडा कमी न होता सर्वस्वी नाहीसा झाला होता.

या विक्षिप्त वर्तनाचे कारण शोधू लागलो तेव्हा आमच्या हाती दुरुस्तीच्या युक्तीऐवजी चाळीसएक वर्षांचा इतिहास लागला. विषय वरवर पाहता यंत्रज्ञांचा आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात का डोकवावे, अशी शंका वाचकांना येईल. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आपल्याच घरचा आहे. एखादी संहिता अनेक हातांतून पुढे जाताना मूळाबरहुकूम कशी राहते, तिच्यात कोण बदल करतो आणि तो बदल करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, हाच तो प्रश्न होय.

प्रथम त्या केबलविषयी. १९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली ती सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांच्या सहकार्यातून. डिस्कवरील आकड्यांचे विद्युतलहरींत रूपांतर न करता ते आकडेच दुसऱ्या यंत्राकडे धाडता यावेत यासाठी जो संकेत ठरला, त्याला या दोन कंपन्यांच्या नावांवरून सोनी-फिलिप्स डिजिटल इंटरफेस, म्हणजे एसपीडीआयएफ, असे म्हणतात. तोशिबाने १९८३ साली तेच आकडे तांबड्या प्रकाशाच्या उघडझापीने तंतूतून पाठवण्याची सोय केली; आमच्या खोलीतील काळी केबल ही त्याच वंशातली. पुढे आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने हा संकेत प्रमाण म्हणून स्वीकारला व त्याला ९५८ हा क्रमांक दिला. १९९७ पासून आयोगाने आपल्या प्रमाणांच्या क्रमांकांत साठ हजारांची भर घातली आणि ९५८ चे ६०९५८ झाले. लिनक्सच्या मिक्सरात मात्र ‘आयईसी ९५८’ हे जुनेच नाव टिकून राहिले. आपल्या संगणकाची डिजिटल खाच शोधणाऱ्या माणसाला त्या पट्ट्यांच्या रांगेत ‘डिजिटल’ हा शब्दच दिसत नाही. दिसते ते एका रद्द झालेल्या क्रमांकाचे नाव. गावाचे नाव बदलले तरी जुन्या दस्तऐवजात पूर्वीचेच राहावे, तसा हा प्रकार आहे.

या केबलचा एक स्वभाव ध्यानात ठेवावा लागतो. ती एकमार्गी आहे. संगणक बोलतो, अँप्लिफायर ऐकतो. पलीकडे कोणी ऐकत आहे की नाही, ऐकणाऱ्याला ही भाषा येते की नाही, हे बोलणाऱ्याला कधीच कळत नाही. त्यामुळे केबलच्या एका टोकाला ‘सर्व ठीक’ असताना दुसऱ्या टोकाला शांतता असू शकते. असे असूनही संगणकाच्या दृष्टीने काहीही बिघडलेले नसते.

आता त्या आकड्यांविषयी. डिजिटल ध्वनी म्हणजे ध्वनिलहरीची ठरावीक अंतराने घेतलेली मोजमापे. कॉम्पॅक्ट डिस्कवर ती सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेली असतात. हा चमत्कारिक आकडा कानाच्या शास्त्रातून आलेला नाही. मानवी कानाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंत ऐकू येते, म्हणून मोजमापे चाळीस हजारांहून थोडी अधिक हवीत, एवढेच शास्त्र सांगते. वरचे चार हजार शंभर आले ते दूरदर्शनच्या फितीतून. त्या काळी एवढे आकडे साठवण्याजोगे स्वस्त साधन म्हणजे व्हिडिओ टेप. तेव्हा ध्वनीची मोजमापे चित्राच्या ओळींत भरली जात. अमेरिकी पद्धतीत २४५ वापरण्याजोग्या ओळी, दर ओळीत ३ मोजमापे आणि सेकंदाला ६० क्षेत्रे. युरोपीय पद्धतीत २९४ ओळी, ३ मोजमापे आणि ५० क्षेत्रे. दोन्ही गुणाकार करून पाहावेत, उत्तर ४४,१०० च येते. चित्रपट व व्यावसायिक ध्वनिमुद्रण यांनी मात्र ४८,००० हा आकडा धरला. सेकंदाला २४ चौकटी धावणाऱ्या चित्रपटात दर चौकटीला बरोबर २,००० मोजमापे येतात, हा त्याचा सोयीचा भाग.

अशा रीतीने संगीताची आणि चित्रपटाची मात्राच निराळी झाली. एकाचे दुसऱ्यात रूपांतर करायचे तर १४७ मोजमापांच्या जागी १६० नवी मोजमापे रचावी लागतात. पुष्कळशा साउंड कार्डांना ४८,००० हा एकच वेग ठाऊक होता. १९९८ च्या साउंड ब्लास्टर लाइव्हची डिजिटल वाटही त्याच वेगाला बांधलेली होती. कॉम्पॅक्ट डिस्कचे गाणे अशा कार्डातून बाहेर पडताना ऐकायला बहुधा ठीकच लागे. परंतु त्यातील जवळजवळ प्रत्येक आकडा मधल्या कोणीतरी नव्याने लिहिलेला असे.

चित्रपटाची अडचण याहून मोठी होती. सहा स्पीकरांचे सहा स्वतंत्र प्रवाह, सेकंदाला ४८,००० मोजमापे, प्रत्येक मोजमाप १६ बिटांचे, असा हिशेब केल्यास सेकंदाला ४६ लाखांहून अधिक बिट होतात. दोन प्रवाहांसाठी आखलेल्या केबलच्या मापात बसतात ते केवळ १५ लाख ३६ हजार. डॉल्बी प्रयोगशाळेने जो एसी-३ संक्षेप तयार केला, १९९२ च्या ‘बॅटमन रिटर्न्स’ या चित्रपटाबरोबर जो प्रेक्षागृहात आला आणि पुढे डीव्हीडीने जो स्वीकारला, त्यात सहाही प्रवाह मिळून सेकंदाला ४ लाख ४८ हजार बिटांपर्यंतच जागा व्यापतात. हे गाठोडे दोन प्रवाहांच्या जुन्या केबलमधून, जणू ते साधेच संगीत आहे अशा वेशात, पाठवायचे आणि पलीकडच्या अँप्लिफायरने ते सोडायचे, अशी युक्ती योजली गेली. तिलाच पुढे पासथ्रू हे नाव रूढ झाले.

केबलमधून जाणाऱ्या मजकुरासोबत काही खुणांचे बिटही जातात. त्यांतील एक बिट सांगतो की पुढील आकडे ध्वनीची मोजमापे आहेत की अन्य काही. तो योग्य लावला नसेल, तर अँप्लिफायर बांधलेल्या गाठोड्यालाच संगीत समजून वाजवू शकतो आणि कानठळ्या बसवणारी खरखर ऐकू येते. त्याच्या शेजारचा बिट सांगतो की या मजकुराची नक्कल करण्यास परवानगी आहे किंवा नाही. १९८७ साली डिजिटल टेप आली तेव्हा ध्वनिमुद्रिका कंपन्या धास्तावल्या, आणि १९९२ च्या एका अमेरिकी कायद्याने घरगुती डिजिटल टेपयंत्रांवर या बिटाचे पालन बंधनकारक केले. अर्थात या केबलमधून ध्वनीबरोबर ध्वनीविषयीचा हुकूमही वाहत होता. लिनक्सवर ‘आयईसीसेट’ नावाचे एक लहानसे साधन आहे. त्याने या खुणा कोणालाही वाचता येतात आणि बदलताही येतात.

अशा या केबलच्या संगणकाकडील टोकाशी लिनक्स कसे येऊन उभे राहिले, ते आता पाहू. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली आपल्या कर्नलची घोषणा केली आणि पुढल्याच वर्षी हानू सावोलाइनेन या दुसऱ्या फिनलंडवासीयाने साउंड कार्डासाठी ड्रायव्हर लिहिला. त्यातून जी व्यवस्था वाढली ती ओपन साउंड सिस्टिम. तिची कल्पना युनिक्सच्या परंपरेला धरून सुटसुटीत होती. साउंड कार्ड म्हणजे ‘डीएसपी’ नावाची एक फाइल. तिच्यात आकडे लिहा, ते वाजतील. परंतु बहुतेक कार्डांवर ती फाइल एका वेळी एकाच प्रोग्रॅमला उघडता येई. गाणे चालू असताना दुसऱ्या प्रोग्रॅमला साधी घंटाही वाजवता येत नसे. जो आधी आला त्याचा फड, बाकीचे बाहेर.

ही गैरसोय मोठी होती, यात वाद नाही. तथापि तिच्या पोटी एक गुण दडला होता, तो असा की मध्ये कोणीच नसल्याने आकडे बदलण्यालाही वाव थोडा होता. पुढे लोकांना मधला माणूस हवासा वाटला. ग्नोमच्या बाजूने ईएसडी आणि केडीईच्या बाजूने आर्ट्स असे ध्वनीचे मध्यस्थ आले. ते सर्वांचे आवाज गोळा करून, मिसळून, एकच प्रवाह कार्डाकडे देत. मिसळणे म्हणजे आकड्यांची बेरीज आणि आवाज कमी करणे म्हणजे आकड्यांना एकाहून लहान संख्येने गुणणे. साध्या ध्वनीला हे दोन्ही संस्कार सोसतात. बांधलेल्या गाठोड्याला त्यांपैकी एकही सोसत नाही, कारण त्यातील आकडे लहरीची उंची सांगत नसून सांकेतिक लिपीतील अक्षरे असतात. सांकेतिक पत्रातील प्रत्येक अक्षर मुळाक्षरांत दोन घरे मागे सरकवले तर पत्र ‘थोडे हळू’ होत नाही, ते वाचताच येत नाही. आमच्या खोलीत त्या रात्री घडले ते नेमके हेच. आवाजाची पट्टी ऐंशीवर होती, म्हणजे प्रत्येक आकड्याचा गुणाकार होत होता. गाण्यांवर त्याचा दृश्य परिणाम नव्हता. चित्रपटाचे गाठोडे मात्र अँप्लिफायरपाशी पोचेपर्यंत त्याच्या गाठीच ओळखू येईनाशा झाल्या होत्या, आणि ओळख न पटलेला मजकूर वाजवण्यापेक्षा त्याने मौन पसंत केले होते.

हस्तलिखितांच्या अभ्यासकांना दोन प्रकारचे लेखनिक परिचित असतात. एक, ज्याला मजकुराचा अर्थ कळत नाही, पण जो डोळ्यांपुढचे अक्षर तसेच उतरवतो. दुसरा, जो जाणता आहे, अडलेला शब्द सुधारतो, जुने रूप नवे करतो आणि हे सर्व वाचकाच्या भल्यासाठी करतो. पहिल्याची चूक सहज सापडते. दुसऱ्याची सापडत नाही, कारण ती चुकीसारखी दिसत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यापुढे तिच्यात कोणी आपली भर घालू नये अशी ताकीद शेवटी जोडली, ती या दुसऱ्या लेखनिकाला उद्देशून होती. केबलमधील ‘हा ध्वनी नव्हे’ असे सांगणारा बिट आम्हांस त्या ताकिदीचा दूरचा नातलग वाटतो. फरक इतकाच की तो बिट पाहतो पलीकडचा अँप्लिफायर. वाटेतल्या जाणत्या मध्यस्थाला त्याचा पत्ताच नसतो.

कर्नलातील जुनी ध्वनिव्यवस्था मागे पडू लागली, कारण सावोलाइनेन यांच्या सुधारित ड्रायव्हरांची विक्री एका कंपनीमार्फत होऊ लागली होती. यारोस्लाव किसेला या चेक प्रोग्रॅमरने एका कार्डाच्या ड्रायव्हरापासून आरंभ करून १९९८ पासून जी पर्यायी व्यवस्था उभी केली ती आल्सा. २००२ साली ती कर्नलच्या विकासशाखेत आली आणि डिसेंबर २००३ मधील २.६ या आवृत्तीबरोबर सर्वत्र पोचली. आल्साने कार्डाची प्रत्येक वाट निराळी दाखवली, डिजिटल वाटेला स्वतंत्र नाव दिले आणि तिच्यातून आकडे न बदलता पाठवण्याची रीतसर सोय केली. तिचा एक नियम मात्र असंख्य घरांतील शांततेस कारण झाला. स्पीकरांना इजा होऊ नये म्हणून असो वा कानांना, आरंभी सर्व वाटा बंद ठेवण्याची तिची पद्धत होती. मिक्सरात पट्टीच्या तळाशी दोन ‘एम’ दिसले तर वाट बंद, दोन शून्ये दिसली तर उघडी. आणि ‘एम’ ही कळ दाबली की वाट उघडते. ज्यांना हे ठाऊक नव्हते त्यांनी नवी कार्डे विकत घेतल्याची उदाहरणे आमच्या परिचयात आहेत.

आल्सानेही पुढे डीमिक्स नावाची मिसळण्याची सोय केली. तिचा नेहमीचा वेग ४८,०००. मग २००४ साली लेनार्ट पोटरिंग यांनी हाती घेतलेले पल्सऑडिओ आले. फेडोराने २००७ च्या अखेरीस आणि उबुंटूने २००८ साली ते मुख्य व्यवस्था म्हणून स्वीकारले. सर्वांचे आवाज एकत्र, प्रत्येकाची पट्टी निराळी, हेडफोन लावताच वाट आपोआप बदलणार, अशी त्याची महत्त्वाकांक्षा होती आणि बऱ्याच अंशी ती सिद्धीस गेली. पण घरी चित्रपटगृह थाटणाऱ्यांना पहिली काही वर्षे चित्रपटापुरते या मध्यस्थालाच झोपवून ठेवावे लागे. सप्टेंबर २०११ मधील १.० या आवृत्तीत पल्सऑडिओने पासथ्रू मान्य केले. ते मान्य करताना त्याला काय सोडावे लागले, हे पाहण्याजोगे आहे. गाठोडे जात असताना पट्टीने आवाज कमी करता येत नाही आणि त्या वाटेवर दुसऱ्या कोणाचा आवाज मिसळता येत नाही. वीस वर्षांनी, मोठ्या वळणाने, आपण पुन्हा एकाच प्रोग्रॅमच्या फाइलीपाशी आलो. फरक एवढाच की या वेळी ते एकटेपण मागून घेतलेले होते. विम टेमन्स यांच्या पाइपवायरने पुढे पल्सऑडिओची जागा घेतली, फेडोरात ते एप्रिल २०२१ पासून ध्वनीची मुख्य व्यवस्था झाले. ही अट मात्र त्यालाही चुकवता आलेली नाही.

दरम्यान केबलही बदलली. डिसेंबर २००२ मध्ये एचडीएमआयचे पहिले प्रमाण ठरले. चित्र आणि आठ प्रवाहांपर्यंतचा न आवळलेला ध्वनी एकाच वाटेने जाऊ लागला, आणि २००६ च्या १.३ या आवृत्तीने नव्या, अधिक सकस गाठोड्यांनाही जागा दिली. या केबलच्या पोटातही ध्वनी जातो तो त्याच ६०९५८ च्या रचनेत. मोठा बदल असा की ही केबल एकमार्गी नाही. पलीकडचा टीव्ही किंवा अँप्लिफायर आपण काय काय ऐकू शकतो हे संगणकाला कळवतो आणि लिनक्स तो जबाब एका छोट्या मजकुराच्या रूपाने वाचायला देते. यातून एक जुने कोडे सुटले आणि एक नवे निर्माण झाले. टीव्ही बंद असताना संगणक चालू झाला, किंवा मधला अँप्लिफायर उशिरा जागा झाला, तर जबाब कोराच येतो आणि ऐकणारा कोणी नाही असे समजून संगणक दुसरीकडेच बोलू लागतो. शिवाय सामान्य वाटेचा क्रमांक शून्य, तर एचडीएमआयच्या वाटांचे क्रमांक पुष्कळ संगणकांवर ३, ७ आणि ८. कोणती खाच कोणत्या क्रमांकाची, हे करून पाहिल्यावाचून कळत नाही.

हा सर्व इतिहास मनाशी ठेवला म्हणजे दोष शोधण्याची रीत आपोआप ठरते. ती पाठचिकित्सेचीच रीत आहे. हाती आलेल्या प्रतीवरून एकेक हात मागे जायचे आणि बदल कोणत्या हाताने घुसला ते पाहायचे. अँप्लिफायरने योग्य खाच निवडली आहे काय? संगणक कोणत्या क्रमांकाच्या वाटेने बोलत आहे? ती वाट उघडी आहे काय? साधा दोन प्रवाहांचा ध्वनी तिच्यातून जातो काय? तो जात असेल आणि गाठोडे जात नसेल, तर मध्ये कोणी बेरीज-गुणाकार करणारा बसला आहे काय? वेग ४४,१०० चा ४८,००० करणारा कोणी आहे काय? खुणांचे बिट काय म्हणतात? शांतता असेल तर मजकूर पोचत नाही किंवा ओळखू येत नाही. खरखर असेल तर मजकूर पोचत आहे, पण त्याचा चुकीचा अर्थ लावला जात आहे. शांतता आणि खरखर यांतील हा भेद आम्हांला त्या रात्री ठाऊक असता, तर चित्रपट वेळेवर सुरू झाला असता.

या इतिहासाचा निष्कर्ष कोणा एका प्रोग्रॅमरला दोष देऊन काढता येणार नाही. सावोलाइनेन, किसेला, पोटरिंग, टेमन्स या प्रत्येकाने खरी अडचण ओळखून ती सोडवली. अडचण अशी की सर्वांना बोलू देणारी व्यवस्था प्रत्येकाच्या बोलण्याला थोडा हात लावल्यावाचून राहत नाही, आणि एकाचे बोलणे यथामूल पोचवायचे तर इतरांना तेवढा वेळ गप्प बसवावे लागते. संपादनाच्या व्यवहारातही हेच घडते. सर्व पाठभेद एकत्र करून सुबोध प्रत सिद्ध करणारा संपादक आणि एकच पोथी जशीच्या तशी छापणारा संपादक, दोघेही आपापल्या जागी योग्यच. गफलत होते ती एकाचे काम दुसऱ्याच्या नावावर खपवले जाते तेव्हा.

मुक्त सॉफ्टवेअरने आम्हांला निर्दोष ध्वनी दिला, असे आम्ही म्हणणार नाही. बाजारातल्या बंद पेट्या त्या रात्री बहुधा विनातक्रार वाजल्या असत्या. त्याने दिले ते एवढेच की वाटेतला प्रत्येक हात आम्हांला दिसू शकला, त्याचे नाव कळले, त्याने काय बदलले ते तपासता आले आणि शेवटी त्याला थांबवताही आले. बंद पेटीतही कोणीतरी बेरीज-गुणाकार करतच असतो, फक्त तिथे आपल्याला त्याची गाठ पडत नाही. वाचण्याचा अधिकार असून वाचता न येणे ही आमची त्या संध्याकाळची स्थिती होती, आणि तिचा दोष सॉफ्टवेअरकडे जात नाही. ते वाचायला शिकणे आमच्याकडे होते. त्यानंतर त्या संगणकावर आवाजाची पट्टी आम्ही शंभरावरून हलवली नाही. आवाज कमी-जास्त करायचा तो अँप्लिफायरवर, म्हणजे गाठोडे सुटल्यानंतर, करावा, असे ठरवून टाकले.